भालेवाल्याच्या जवळ जायचं कसं

मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा तिने स्वतःचे कपडे नेले, माझा प्रेशर कुकर नेला आणि व्हिडिओ गेमचं यंत्र मात्र इथेच टाकलं. "बाबांचा टाइमपास होईल," म्हणाली. झाला. इतका झाला की संध्याकाळी मी चहा घेऊन बाहेरच्या खोलीत आले की नवरा टीव्हीसमोर चटईवर मांडी घालून बसलेला, आणि पडद्यावर दोन माणसं एकमेकांना बदडताहेत, हे आमच्या राइट टाउनच्या घरातलं रोजचं दृश्य होऊन बसलं. कंट्रोलरच्या वायरी आखूड, त्यामुळे सोफ्यावरून खेळता येत नाही. टीव्ही मोठा आणि नाक त्याला लागेल इतकं जवळ बसायचं. दुसरा कंट्रोलर रिकामा पडलेला असायचा, म्हणून तो एक दिवस माझ्या हातात आला.

खेळ सांगायला सोपा आहे. दोघांनी एकेक लढवय्या निवडायचा. वर दोन पट्ट्या असतात, मार बसला की पट्टी कमी होते, जिची संपली तो आडवा, आणि दोन डाव जिंकेल त्याची मॅच. पहिला कंट्रोलर ज्याच्याकडे त्याचा माणूस पडद्याच्या डाव्या बाजूला उभा राहतो, दुसऱ्याचा उजव्या. पहिला कंट्रोलर कायम नवऱ्याकडे. "घर माझ्या नावावर आहे," हे त्याचं कारण.

त्याने भालेवाला निवडला होता. उंच, सडपातळ, आणि भाला असा की इकडून टोचला तर जवळजवळ अर्ध्या पडद्यापर्यंत पोचतो. मी एक ठेंगणी पैलवान बाई घेतली. बाकी सगळ्या बायका हिमालयात लढतानासुद्धा अर्ध्या कपड्यांत होत्या; हिच्या अंगावर निदान धड पोशाख होता. ही बाई समोरच्याला धरून डोक्यावरून उचलते आणि आपल्या मागे आपटते. एकदा आपटलं की समोरच्याची पट्टी चांगलीच खाली येते. अडचण एवढीच, की धरायला जवळ जावं लागतं, आणि तिचे हात तिच्या उंचीला शोभतील इतकेच.

मी धावत गेले की भाला. उडी मारून गेले की वरच्या दिशेने भाला. जागेवर उभी राहिले की पायाशी भाला. माझी बाई त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच चाळणी व्हायची.

"ये ना," नवरा म्हणायचा. "काहून थांबली? मी कुठे जाऊन राहिलो? इथेच उभा आहे."

"तुम्ही एक पाऊल तरी पुढे येता का? एका जागी उभं राहून नुसतं टोचायचं, याला काय लढाई म्हणतात?"

"याला अक्कल म्हणतात."

असं हरत राहायला माझी काही हरकत नव्हती. दहावीच्या मुलांचे गणिताचे पेपर तपासून आल्यावर माणसाला कशाचीच फारशी हरकत राहत नाही. हरकत सुरू झाली ती डोळ्यांच्या डॉक्टरांपासून.

आमच्याच शहरातल्या गोरखपुर भागाच्या बाजारात एका गल्लीतून डावीकडून ऑटो बाहेर आली आणि नवऱ्याची स्कूटर तिला घासली. लागलं काही नाही. त्याच्या मते चूक ऑटोवाल्याची. मग काही दिवसांनी त्याने डावीकडे ठेवलेला माझा चहा लवंडला, तेव्हा चूक कपाची. दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटला, तेव्हा चूक बहुतेक सुताराची असावी. मी त्याला ओढत नेपियर टाउनला डॉक्टरकडे नेलं. तिथे एका पांढऱ्या डब्यात तोंड घालून बसायचं, समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि आजूबाजूला कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. नवऱ्याने बराच वेळ बटण दाबलं. मध्ये बराच वेळ दाबलं नाही.

डॉक्टरांनी कागद आमच्यासमोर ठेवला. काचबिंदू, दोन्ही डोळ्यांत. "सामने का ठीक है," ते म्हणाले. "बगल का कम हो गया है, बाईं तरफ़ ज़्यादा. जो गया वो वापस नहीं आएगा, बाकी बचाना है. ड्रॉप रोज़ डालिए, और ट्रैफ़िक में गाड़ी बिलकुल मत चलाइए."

नवऱ्याने सगळं नीट ऐकून घेतलं, डॉक्टरांना दोन्ही हात जोडून नमस्कार केला, खाली आला आणि खिशातून स्कूटरची चावी काढली.

"चावी इकडे द्या," मी म्हटलं.

"काहून?"

"आत्ता वर काय ऐकलं तुम्ही?"

"अगं, त्या डब्यात अंधार होता. मला झोप लागून राहिली होती. बटण दाबायला उशीर झाला, बस. त्याला काय आंधळा म्हणायचं?"

त्या दिवशी मी भररस्त्यात हँडल धरून उभी राहिले म्हणून चालवायला मला मिळाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते तेवढ्यात तो निघूनही गेला. त्याच्या डिफेन्स फॅक्टरीचा रस्ता, शिफ्टच्या वेळची गर्दी, ट्रक, सायकली, आणि सगळीकडून, म्हणजे डावीकडूनसुद्धा, घुसणाऱ्या ऑटो. मी सोडायला येते म्हटलं, तर तोंड वाकडं. ऑटो लावू म्हटलं, तर ऑटोवाले पंधरा मिनिटं थांबवतात. खरं कारण संध्याकाळी बाहेर आलं.

"फॅक्टरीच्या गेटवर मी बायकोच्या मागे बसून उतरू? सगळी शिफ्ट बघत असते."

"बघू दे. त्यांना तरी दोन्ही बाजूंचं दिसतं."

यावर तो भडकला. तो फॅक्टरीत इन्स्पेक्शनला आहे. आयुष्यभर त्याने एकच काम केलं आहे: तयार झालेला भाग गेजमध्ये घालून बघायचा. बसला तर पास, नाही बसला तर फेल. मध्ये काही नसतं, आणि कोणाच्या तोंडी बोलण्यावर त्याचा विश्वास नसतो. डॉक्टरांचा कागद त्याने गेज म्हणून मान्यच केला नव्हता.

"बटणाचीच गोष्ट आहे ना?" त्याने कंट्रोलर उचलून दाखवला. "हे बटण नाही? डोळे गेले असते तर रोज तुला हरवलं असतं काय मी? तू एकदा तरी जवळ पोचली?"

"आणि मी हरवलं तर?"

"तर चावी तुझी. सरळ मॅचमध्ये हरवून दाखव. पण तू काय हरवते!"

तो थट्टेत बोलला, पण बोलला. पत्त्यांत असो की क्रिकेटच्या पैजेत, खेळातला शब्द तो फिरवत नाही, एवढं मला लग्नापासून माहीत आहे. डॉक्टरांचं न ऐकणारा माणूस पैलवान बाईचं ऐकणार असेल, तर तसं. मी पुण्याला फोन लावला.

मुलीला मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र तिची गाडी हिंदीच्या रुळावर जाते. आधी तिने डोळ्यांचं सगळं दोनदा विचारून घेतलं. मग चावीचं ऐकून हसली. मग कामाला लागली.

"आई, पहले ये बता, तू जंप काहून करते सारखी?"

"मग जाऊ कशी? चालत गेलं तर टोचतात."

"जंप केली की तू हवेत असते ना. हवेत ब्लॉक नाही होत, वार अडवता येत नाही. बाबा तेच बघून राहिले असतात. तू उडी मारते, ते वर मारतात. पक्कं गिऱ्हाईक आहेस तू त्यांचं."

"धावत गेले तर?"

"धावताना पण ब्लॉक नाही होत. चालत जा. एक पाऊल, ब्लॉक. एक पाऊल, ब्लॉक. मार थोडा खायचा, चलेगा. पण जागा सोडायची नाही."

"असं गोगलगायीसारखं कधी पोचणार मी?"

"आई, तुला घाई कसली? त्यांच्या मागे पडदा संपतो ना? तू जेवढी पुढे गेली तेवढी त्यांची जागा कमी झाली. मागे भिंत लागली की भालेवाला घाबरतो. और सुन, मेन बात. भाला लांब जातो, पण परत यायला टाइम लागतो. टोकाच्या जरा बाहेर उभी राहा. त्यांना वाटलं पाहिजे की तू टप्प्यात आहेस. ते मारतील, चुकेल, भाला परत येईपर्यंत आत जा आणि धर."

"आणि त्यांनी मारलंच नाही तर?"

"बाबा? बाबा मारल्याशिवाय राहतील?"

हे बरोबर होतं.

शाळा दुपारी सुटते आणि नवरा पाचनंतर येतो. कुकर पुण्यात असल्यामुळे आमची तुरीची डाळ पातेल्यात शिजते आणि तिला लागेल तेवढा वेळ ती घेते. त्या वेळात मी सराव करायला बसू लागले. यंत्र स्वतः भालेवाला चालवतं, तेव्हा समोर माणूस लागत नाही. मी एक पाऊल टाकायची, ब्लॉक करायची, मार खायची, पुन्हा एक पाऊल टाकायची. याच्याइतकं कंटाळवाणं काम मी तांदूळ निवडण्यानंतर केलेलं नाही. भाल्याच्या टोकाच्या बोटभर बाहेर नुसतं उभं राहायचं, हे माझ्या स्वभावात कुठेच नाही. मला समोरचं काम उरकायची सवय आहे. समोर माणूस उभा आहे, त्याला आपटायचं आहे, मग इथे उभं राहून काय शोभा बघायची? दर वेळी बोट आपोआप उडीच्या बटणावर जायचं आणि दर वेळी वरून खाली यायच्या आत भाला पोटात. एकदा रागाने कंट्रोलर फेकला तो सोफ्यावर पडला. त्या दिवशी डाळही करपली.

पण हळूहळू टप्पा कळायला लागला. कुठे उभं राहिलं की टोक लागत नाही आणि कुठे लागतं, हे पडद्यावरच्या फरशीवरून ओळखू यायला लागलं. मुलांना मी आयुष्यभर सांगत आले की आकृती नीट काढा, उत्तर त्यातच असतं. इथेही तसंच निघालं. चुकलेला भाला परत यायला जो वेळ घेतो, त्यात दोन पावलं टाकून धरता येतं. तीन पावलं असतील तर येत नाही. म्हणून दोनच पावलांवर उभं राहायचं.

संध्याकाळी नवऱ्यासमोर मात्र सगळं विसरायला व्हायचं, कारण यंत्र टोमणे मारत नाही.

"झोपली काय तुझी बाई? नुसती उभी आहे."

"तुम्हाला काय त्रास? टोचा ना."

"टोचतोच आहे. अरे, ब्लॉक? हे कोणी शिकवलं? पोरीने सांगितलं ना? दोघी मिळून मला पाडून राहिल्या!"

"तुम्ही सकाळी स्कूटर नेणं बंद करा, मी ब्लॉक करणं बंद करते."

तो रोज स्कूटर नेत राहिला. मी रोज शाळेत पहिल्या तासाला फोन टेबलावर उलटा ठेवायची, आणि तो वाजला नाही की हजेरी घ्यायला सुरुवात करायची. डोळ्यांच्या ड्रॉपची बाटली फ्रिजमध्ये होती तशीच भरलेली होती. जो आजार मान्य नाही त्याचं औषध कशाला? या गोष्टीने माझं डोकं स्कूटरपेक्षा जास्त फिरायचं, कारण रस्त्यावर निदान ऑटोवाला ब्रेक तरी मारतो.

रविवारी सकाळी तो बाजारातून खोव्याची जिलबी घेऊन आला. स्कूटरवरून. "तुझ्या हरण्याची पार्टी," म्हणाला आणि चटईवर बसून पहिला कंट्रोलर घेतला.

मी बसले. उडीच्या बटणावरचं बोट उचलून मुद्दाम दुसरीकडे ठेवलं. तो डावीकडे, मी उजवीकडे. एक पाऊल, ब्लॉक. त्याने टोचलं, माझी पट्टी नखभर कमी झाली. पुन्हा एक पाऊल. तो मागे सरकला. मी पुढे गेले. तो पुन्हा मागे सरकला आणि त्याच्या पाठीला पडद्याची कड लागली. मी टोकाच्या जरा बाहेर थांबले.

"ये ना," तो म्हणाला.

मी आले नाही.

"अगं, ये ना!"

आणि त्याने मारलं. भाला माझ्या बाईच्या नाकासमोर येऊन थांबला. तो परत जायच्या आत मी दोन पावलं टाकली, धरलं आणि डोक्यावरून मागे आपटलं.

आपटल्यामुळे बाजू बदलल्या. आता मी डावीकडे आणि तो उजवीकडे. तो उठला. मी पुन्हा पाऊल-ब्लॉक सुरू करणार, तर भाला आलाच नाही. मी चालत गेले, धरलं आणि आपटलं, तशा बाजू पुन्हा बदलल्या. त्या बाजूने सोपं गेलं म्हणून लगेच एक उडी मारून त्याच्या डोक्यावरून परत डाव्या बाजूला आले आणि पुन्हा चालत गेले. भाला आला, पण मी धरल्यावर. पहिला डाव माझा. मला वाटलं, वा, मास्तरीण बाई, जमलं की तुम्हाला!

दुसऱ्या डावात पुन्हा सुरुवातीच्या जागा, तो डावीकडे, मी उजवीकडे, आणि पुन्हा तोच भालेवाला. एक पाऊल टाकायची सोय नाही, अचूक टोचतोय. अर्ध्याहून जास्त पट्टी गेल्यावर एकदाची मी आत शिरले आणि आपटलं. बाजू बदलल्या. पुन्हा भाला गायब.

तेव्हा मी पडद्याकडे बघायचं सोडून त्याच्याकडे बघितलं. तो मान डावीकडे वळवून बसला होता, शर्टाच्या कॉलरवर हनुवटी टेकेल इतकी, आणि तरी त्याचा अंगठा उशिरा चालत होता. मग बाकीचंही आठवलं. मी पूर्वी कधी चुकून उडी मारून त्याच्या पलीकडे गेले, तर तो लगेच घाईघाईने उडी मारून परत आपल्या बाजूला यायचा. मला वाटायचं, शान मारतोय. पहिला कंट्रोलर घराच्या कागदपत्रांमुळे नव्हता. माणूस डावीकडे उभा असला की सगळं उजवीकडून येतं.

त्याला हे ठाऊक होतं की नाही, ते मी विचारलं नाही. हात थांबवायचा मोह झाला, पण थांबवला नाही. चालत गेले आणि आपटलं. मॅच संपली. माझी ठेंगणी बाई दोन्ही हात वर करून नाचायला लागली, ते फार बेकार दिसत होतं.

नवऱ्याने कंट्रोलर सोडला नाही. जिलबीचा पुडा तसाच होता. मग म्हणाला, "पुन्हा."

"पुन्हा काही नाही. ठरलं होतं, एक सरळ मॅच."

"मॅच नाही म्हणून राहिलो. तुझी बाई डावीकडे घे. मी उजवीकडे उभा राहतो. तू ये. कधी येते ते सांगू नको."

त्याचा आवाज आता घरातला नव्हता, फॅक्टरीतला होता. मी डावीकडून आले. त्याने उशिरा मारलं. पुन्हा आले, जरा थांबून. पुन्हा उशिरा. "आता उजवीकडून," तो म्हणाला, आणि मी उजवीकडून आले तर भाला बरोबर वेळेवर पोटात. पुन्हा डावीकडून. पुन्हा उजवीकडून. माल गेजमध्ये घालून, फिरवून, परत घालून बघावा तसं त्याने स्वतःला दोन्ही बाजूंनी तपासलं. मी मुद्दाम हळू गेले तर लगेच ओळखलं. "दया करू नको. नीट ये." मी नीट गेले.

शेवटी त्याने कंट्रोलर चटईवर ठेवला.

"डॉक्टरचा कागद बरोबर आहे," तो म्हणाला. "डावी बाजू फेल आहे."

"बाकीची पास आहे. ती तरी टिकवायची की नाही? ड्रॉप घातले का?"

"नाही."

"कधी घातले?"

मी फ्रिजमधून बाटली आणली, त्याचं डोकं सोफ्याला टेकवलं आणि दोन्ही डोळ्यांत घातले. डोळे मिटून तो तसाच पडून राहिला आणि खिशातून चावी काढून माझ्या दिशेने धरली. त्याने धरली ती डावीकडे, मी उभी होते उजवीकडे. मी वळसा घालून जाऊन घेतली.

"आत्ता बाजारात गेलो होतो ना," डोळे मिटूनच तो म्हणाला, "तेव्हा एक बाई माझ्यावर ओरडली. मला वाटलं, दुसऱ्या कोणाला ओरडून राहिली."

यावर मला जे बोलायचं होतं ते फार लांबलचक होतं आणि जिलबी गार होत होती. मी पुडा उघडून त्याच्या उजव्या हाताशी ठेवला.

सोमवारी सकाळी तो मागे बसला. उंच माणूस स्कूटरच्या मागच्या सीटवर बसला की त्याचे गुडघे दोन्ही बाजूंना कपाटाच्या दारांसारखे उघडे राहतात. घराच्या फाटकापासून त्याचं सुरू झालं.

"हळू. खड्डा आहे."

"दिसतो मला."

"इंडिकेटर दे. अगं, दे ना. तो सायकलवाला बघ. डावीकडे कोणी आहे का?"

"नाही."

"नक्की?"

"मागे बसून चालवायची असेल तर उतरा आणि पायी चला."

चौकात एक ऑटो आडवी आली आणि मी हॉर्नला हात लावायच्या आत माझ्या खांद्यावरून एक लांबलचक हात पुढे आला आणि त्याने स्वतःच हॉर्न दाबला. ऑटोवाला दचकला. मीही दचकले.

"हात मागे घ्या!"

"पोचतो ना माझा."

फॅक्टरीच्या गेटच्या अलीकडे, चहाच्या टपरीजवळ, तो म्हणाला, "इथेच थांबव." मी थांबवली. एवढी सवलत मी पहिल्या दिवसापुरती दिली. तो उतरला, डबा घेतला, रस्ता ओलांडायच्या आधी संपूर्ण मान डावीकडे वळवून बघितलं, आणि दोन पावलं जाऊन परत आला.

"आज संध्याकाळपासून दुसरा कंट्रोलर माझा," तो म्हणाला. "मान वळवून खेळायची प्रॅक्टिस करतो. जमलं तर चावीचं पुन्हा बघू."

"प्रॅक्टिस करा, हवी तेवढी. चावीचं काही बघायचं नाही."

"शब्द खेळातला होता."

"खेळ संपला. शिफ्टला जा."

तो हसत गेला. मी चावी पर्समध्ये टाकली, चेन लावली आणि पर्स खांद्यावरून काढून पुढे, पोटाशी घेतली. त्या माणसाचे हात फार लांब आहेत.